मुंगीची वही

मला वाट बघता येत नाही. हे दुखणं जुनं आहे. समोरचा माणूस वाक्य सुरू करतो आणि ते संपवते मी. नवरा काकडी चिरायला बसला की तिसऱ्या फोडीला सुरी माझ्या हातात आलेली असते. लिफ्टसाठी थांबायला नको म्हणून मी धापा टाकत चार मजले चढते आणि वर पोचल्यावर तीच लिफ्ट दार उघडून उभी असते. सासूबाई म्हणतात, "हिच्या पायाला भिंगरी आहे, आणि हातांना एकेक जास्तीची." नवरा काही म्हणत नाही. तो म्हणेपर्यंत मी दुसऱ्या खोलीत गेलेली असते.

आणि असल्या बाईनं काम कुठलं निवडावं, तर चार-पाच वर्षांच्या पोरांना अक्षरं शिकवायचं!

आमचा बालवर्ग एका इमारतीच्या तळमजल्यावर आहे. पूर्वी तिथे फर्निचरचं दुकान होतं, त्यामुळे एक अख्खी भिंत काचेची. त्या काचेतून रस्त्यावरची माणसं आत बघतात आणि पोरं बाहेर बघतात, फळ्याकडे कोणीच बघत नाही. माझ्या गटात बावीस मुलं. पहिले दोन महिने आम्ही पेन्सिल देत नाही. थाळीत बारीक वाळू पसरायची आणि तीत बोटानं रेघ ओढायची. पॉलिश पेपरची कापलेली खरखरीत अक्षरं बोटानं चाचपायची. मग उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, अर्धगोल. ते जमलं की वहीवर अक्षर. पद्धत चांगली आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. गोची आहे ती शुक्रवारची.

दर शुक्रवारी वही घरी जाते. पालकांनी पानाखाली सही करायची आणि सोमवारी वही परत पाठवायची. वर्ग ज्यांचा आहे त्या मोठ्या बाईंचा नियम असा की एकही रिकामं पान घरी जाता कामा नये. "पालकांना वही दिसते," त्या म्हणतात, "मूल दिसत नाही."

म्हणून शुक्रवारी सकाळी माझी नुसती धावपळ. बावीस वह्या, एक तास, त्यातली दहा मिनिटं नाकं पुसण्यात जाणार. ज्याचं पान भरलेलं नाही त्याच्यामागे वाकायचं, त्याचा हात आपल्या हातात घ्यायचा आणि गिरवून घ्यायचं. सगळ्याच बाई करतात. मुलाला हाताचं वळण कळतं, असं आम्ही एकमेकींना सांगतो, आणि थोडंफार कळतंही. आमच्या वर्गातला एक पोरगा, मी त्याला मनात भोंगा म्हणायचे, तो तर मी हात धरला की "मी करणार, मी!" असं ओरडून हात हिसकावून घ्यायचा आणि कागद फाडून ठेवायचा. त्याच्या ओरडण्यानं माझं डोकं उठायचं. आता वाटतं, भोंगा फार शहाणा होता.

मुंगी हिसकावून घ्यायची नाही.

मुंगी हे तिच्या बापानं ठेवलेलं लाडाचं नाव. जन्मली तेव्हा ती इवलीशी होती म्हणे, आणि पाच वर्षांची झाली तरी फार काही वाढली नव्हती. तिचा बाप शिंपी. आमच्या चौकातच त्याचं दुकान. आई दवाखान्यात परिचारिका, तिच्या कामाच्या पाळ्या सारख्या बदलत्या, म्हणून सोडणं-आणणं, सह्या करणं, डबा विसरला तर आणून देणं हे सगळं शिंपीच करायचा. मुंगीला बूट घालायला अकरा मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून बघितलंय, कारण मला राहवलं नाही. आधी बूट उलटा करून आतलं काही पडतंय का बघायची, मग जीभ सरळ करायची, मग पाय. मधेच कुणी रडलं तर हातात बूट धरून त्याच्याकडे बघत बसायची.

पण अक्षरं ओळखायला ती पटाईत होती. बापाच्या दुकानात कपड्यांचे नमुने जुन्या वर्तमानपत्रांतून कापायचे. बाहीच्या, कॉलरच्या आकाराच्या त्या कागदांवर ती पालथी पडून अक्षरं शोधायची. कार्ड उलटं धरा, आडवं धरा, ती बरोबर सांगायची. "हा म. हा भ. हा म नाही बाई, याच्या डोक्यावर फट आहे." ओळखता येतं म्हणजे लिहिता येणारच, एवढा हिशेब मी करून टाकला होता. तिला फक्त वेळ लागायचा, आणि वेळ माझ्याकडे नव्हता. म्हणून पेन्सिल दिल्याच्या पहिल्या दिवशीच मी तिचा हात धरला. तो घट्ट होता. मी म्हणाले, "ताणू नकोस, सैल सोड. मी आहे ना."

तिनं सोडला. इतका छान सोडला की पान दोन मिनिटांत झालं. मग मी रोजच धरायला लागले.

चाचणीला बारा दिवस होते तेव्हाची गोष्ट. चाचणी मोठ्या शाळेची. आमच्याकडची बहुतेक मुलं पुढे तिथेच जातात. मुलाला आत बोलावतात, पाच अक्षरं लिहायला लावतात. नाही लिहिली तर पहिलीत घेत नाहीत, वर्षभर थांबवतात. शिंप्यानं अर्जाबरोबर मुंगीची पहिली वही जोडली होती. तिथल्या बाईंनी ती चाळून "काय सुरेख अक्षर आहे हो" असं म्हटलं होतं आणि हे त्यानं मला तीनदा ऐकवलं होतं. तिसऱ्यांदा सांगताना तो एवढंच आणखी बोलला, "मी एका बाकावर तीन वर्षं बसलो, बाई. बरोबरची पोरं पुढे जायची आणि मी तिथेच. शेवटी उठून कात्री धरली. हिला तसं बसायला लागू नये."

त्या दिवशी वर्गातलं कपाट अडकलं होतं. वर्गाची झाडलोट करणारी मावशी म्हणाली, "थांबा, मी तेल आणते." मी कसली थांबते! दार हिसडलं, ते उघडलं, आणि उघडलं तसंच माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांवर मिटलं. मावशीनं बोटांना बर्फ लावला, पट्टी बांधली आणि "तेल आणतच होते" असं चारदा सुनावलं. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन मी मुंगीशेजारच्या बुटक्या खुर्चीत बसले.

"लिही बाळा. म काढ."

तिनं पेन्सिल उचलली, बरोबर धरली, कागदावर टेकवली आणि थांबली. मीही थांबले, म्हणजे माझ्या मानानं. मग म्हणाले, "काढ ना गं."

"धरा ना, बाई."

"माझ्या हाताला लागलंय बघ. आज तू एकटी काढ. काल किती छान काढलेला!"

"काल तुम्ही होतात."

"आजही मी आहेच की."

"आज हात नाहीये," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. आज पाऊस नाहीये म्हणावं, तसं.

मी उभी रेघ म्हटलं, आडवी म्हटलं, नुसता ठिपका दे म्हटलं. ती पेन्सिल टेकवून माझ्याकडे बघत राहिली. जरा चढ्या आवाजात मी म्हणाले, "मग तुला येतं तरी काय?"

तिनं विचार केला. "मला हात सैल सोडायला येतो," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता ना, सगळ्यांत छान मीच सोडते."

मी म्हणत होते. रोज म्हणत होते. भोंग्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, "बघ, मुंगी कसा सैल सोडते."

मुलं गेल्यावर मी तिची वही उघडली. पानामागून पान. म, ग, र, स. माझ्या ग चा आकडा जरा जास्तच वळतो, तो प्रत्येक पानावर तसाच वळलेला. डोक्यावरची रेघ मी घाईत शेवटच्या अक्षराच्या पुढे नेते, ती सगळीकडे पुढे गेलेली. अख्ख्या वहीत त्या पोरीचं एक अक्षर नव्हतं. आणि प्रत्येक शुक्रवारच्या पानाखाली शिंप्याची सही. तीन अक्षरं, एकेक वेगळं, दाबून काढलेलं. इतके महिने मी त्या सहीवर नुसती टिक करून पुढे जात होते. त्या सहीला त्याला किती वेळ लागत असेल, ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

त्यानंतरचे दिवस मी धड जेवले नाही की बसले नाही. वर्ग सुटल्यावर मी मुंगीला अर्धा तास थांबवून घ्यायला लागले. शिंप्याला सांगितलं, चाचणीची तयारी. तो इतका खूश झाला की मला त्याच्याकडे बघवेना. वाळूची थाळी पुन्हा काढली. जमिनीवर खडूनं माणसाएवढा र काढला आणि तिला त्यावरून चालवलं. ओल्या बोटानं पाटीवर रेघ, मातीची वळी करून तिचा म, आगपेटीच्या काड्यांचा ग. माती आणि काड्या तिला जमायच्या. चालणंही जमायचं, सावकाश, टाचेला अंगठा लावत. पण पेन्सिल आली की हात मेल्यासारखा व्हायचा. पेन्सिल टेकायची, खांदा खाली यायचा, मनगट सुटायचं आणि ती वाट बघायची. मी शिकवलं होतं तसंच.

आणि ते बघताना माझे हात असे शिवशिवायचे की काय सांगू! पट्टी तिसऱ्या दिवशी सुटली तेव्हा मला आनंद होण्याऐवजी भीती वाटली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लागले. मनात शंभर आकडे मोजायचे, तोवर बोलायचं नाही, हलायचं नाही, असं ठरवलं. पहिल्या दिवशी बत्तिसाव्या आकड्याला माझा हात तिच्या हातावर होता. दुसऱ्या दिवशी एकवीस. तिनं मान वर करून माझ्याकडे बघून असं हसून घेतलं, की चला, आल्या एकदाच्या बाई. मी हात काढून घेतला आणि पाणी प्यायला गेले. तहान नव्हती.

घरी काकडी चिरताना नवरा म्हणाला, "आज सुरी नाही हिसकावलीस. बरं आहे ना?"

मी त्याला सगळं सांगितलं. बोलता बोलता टेबल पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. तो म्हणाला, "बापाला सांग." सासूबाई तेवढ्यात आत आल्या आणि काय झालं ते न विचारता म्हणाल्या, "काहीही असो, सांगून टाक. हे टेबल झिजेल."

आधी मोठ्या बाईंना सांगितलं. त्या दाराशी उभ्या राहून काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चाचणीच्या दिवशी घाबरली म्हणायचं," त्या म्हणाल्या. "मुलं घाबरतातच. वहीबद्दल एक अक्षर बोलू नकोस."

"पण बाई, त्यांना वाटतंय—"

"अजून एकवीस वह्या आहेत," त्या म्हणाल्या आणि फडक्याची घडी उलटी करून दुसरी काच पुसायला घेतली.

तरी मी शिंप्याच्या दुकानात गेले. जाताना वाक्य तोंडपाठ केलं होतं: दादा, मुंगीच्या वहीतलं अक्षर मुंगीचं नाही. सोपं वाक्य. तो मोठ्या टेबलावर निळं कापड पसरून खडूनं खुणा करत होता. पट्टी धरायची, डोळा बारीक करायचा, एकच रेघ ओढायची. पुसापुशी नाही की घाई नाही. कोपऱ्यात मुंगी चिंध्यांवर बसून बटणं रंगांप्रमाणे लावत होती. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं, आणि मी काही बोलायच्या आत शिंपी त्याला म्हणाला, "या तिच्या बाई. दाखवली ना तुम्हाला वही? यांच्याच हाताखाली शिकली."

माझं वाक्य गेलं कुठल्या कुठे.

"काय काढलंत, बाई?" त्यानं विचारलं.

"कोट शिवायचाय," मी म्हणाले. भर उन्हाळ्यात.

त्यानं काही न विचारता माप घेतलं. खांदा, बाही, छाती. आकडे एका चिठ्ठीवर लिहिले. मग हळूच म्हणाला, "एक विनंती आहे. चाचणीला तुम्ही बरोबर याल का? हिच्या आईची तेव्हा दवाखान्यात कामाची पाळी आहे, आणि मला असल्या ठिकाणी बोलता येत नाही. घरी तिला लिही म्हटलं तर म्हणते, घरी बाई नाहीत. तुम्ही शेजारी असलात की लिहिते ना ती."

मी "येते" म्हणाले. सांगायला गेले आणि बाहीचं माप देऊन आले. रस्त्यावर आल्यावर मला स्वतःचा इतका संताप आला की मी आमची गल्ली ओलांडून दोन चौक पुढे गेले, मग परत फिरले.

चाचणीच्या दिवशी मोठ्या शाळेच्या पायऱ्या चढताना मुंगी आमच्या दोघांच्या मधे होती. एक हात बापाच्या हातात, एक माझ्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी. शिंप्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्याच्या कॉलरवर एक दोरा राहिला होता. एरवी मी तो झटकून टाकला असता.

आतली खोली मोठी होती, खुर्च्या मात्र लहानच. चाचणी घेणाऱ्या बाई तरुण होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मुंगीची पहिली वही त्यांच्या टेबलावर उघडीच होती. "ही ती सुरेख अक्षरवाली ना?" त्या म्हणाल्या. त्यांनी तिला कार्डं दाखवली. मुंगीनं सगळी ओळखली, एक कार्ड उलटं होतं तेही सांगितलं. बाई हसल्या. शिंप्यानं माझ्याकडे बघितलं, त्याचा चेहरा उजळला होता. मग त्यांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल तिच्यापुढे ठेवली.

"आता कुठलीही पाच अक्षरं लिही हं. सावकाश. मी पुढच्यांचा अर्ज घेऊन आलेच."

त्या गेल्या. दार अर्धवट लोटलं गेलं. खोलीत आम्ही तिघंच.

मुंगीनं पेन्सिल उचलली, कागदावर टेकवली. खांदा खाली आला, मनगट सुटलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी हात मागे बांधून उभी होते. एक मिनिट गेलं असेल. कॉरिडॉरमधे कोणाच्या तरी चपला वाजल्या आणि लांब गेल्या. शिंपी खुर्चीच्या टोकावर आला, मग उठून माझ्याजवळ आला आणि कुजबुजला, "घाबरलीये ती. जरा धरा ना हात. नुसतं सुरू करून द्या, पुढे ती जाईल."

दार अर्धवट होतं. पाच अक्षरांना मला अर्धं मिनिट पुरलं असतं. वहीतल्यासारखाच म, वहीतल्यासारखाच ग, कोणालाही शंका आली नसती. खोटं कशाला बोलू, माझा उजवा हात मागून पुढे आला होता. तो तिच्या हाताच्या वर पोचला आणि तिचा हात खाली आणखी सैल झाला, ते मला दिसलं. ती खुशीनं वाट बघत होती. माझी मलाच लाज वाटली.

"सुरू करून दिलं तर शेवटपर्यंत मीच लिहीन, दादा," मी म्हणाले. "वर्षभर मीच लिहिलंय."

त्याला कळलं नाही. "म्हणजे?"

"वहीतलं सगळं. ती सावकाश करते आणि मला थांबवत नव्हतं. मी तिचा हात धरून पानं भरत गेले. तिला अक्षरं ओळखता येतात, एकही लिहिता येत नाही. तिचा दोष नाही. मी तिला हात सैल सोडायला शिकवलं आणि ती शिकली."

तो टेबलावरच्या वहीकडे बघत राहिला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. आपल्या सहीवर अंगठा ठेवला.

"एकही नाही?"

"नाही."

"शुक्रवारी वही आली की मी आधी दुकान आवरायचो," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मग हात धुऊन सही करायचो. मला वाटायचं, आपल्या घरात कोणीतरी लिहायला लागलं."

मी वहीचा दुमडलेला कोपरा सरळ करत राहिले.

आम्ही दोघं वहीपाशी उभे होतो, तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. म्हणूनच बहुतेक, कागदावर पेन्सिल घासल्याचा बारीक आवाज आला. मी वळून बघितलं. मुंगीची जीभ ओठांवर आली होती. पेन्सिल कागदाच्या खालच्या टोकाला होती आणि तिथून वर चालली होती. खालून वर! रेघ वरून खाली ओढायची असते, हे मी हजारदा सांगितलेलं. "उलटी गं, वरून—" हे माझ्या ओठांवर आलं. मी दातांखाली ओठ धरला. रेघ थरथरत अर्ध्या कागदापर्यंत आली, तिथे जरा डावीकडे कलली, थांबली, पुन्हा निघाली. किती वेळ लागला मला माहीत नाही. मी मोजलं नाही. वरच्या कडेशी पोचल्यावर तिनं पेन्सिल उचलली आणि हुश्श केलं.

तेवढ्यात बाई परत आल्या. कागद बघितला, उलटून मागची बाजू बघितली.

"झालं नाही का गं बाळा? घाबरलीस?"

घाबरली म्हणायची हीच वेळ होती. माझ्या आधी शिंपी बोलला. ज्याला असल्या ठिकाणी बोलता येत नव्हतं तो.

"नाही, घाबरली नाहीये. तिला अजून लिहिता येत नाही. वेळ लागेल."

"पण वहीत तर..." बाईंनी वही पुढे ओढली.

शिंपी एक पाऊल मागे सरकला. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि ते बोलायचं काम कोणाचं आहे हे मला कळलं.

"ते अक्षर माझं आहे," मी म्हणाले. "दोन्ही वह्यांतलं. मी तिची बालवर्गातली बाई."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट बघून घेतलं. मग वही मिटली, शिंप्याच्या हातात दिली. "मग यंदा नाही घेता येणार. ओळख पक्की आहे तिची. पुढच्या वर्षी आणा." आणि मला म्हणाल्या, "तुमच्याकडून अजून बरीच मुलं येणारेत आमच्याकडे. एकदा येऊन भेटा."

"येते," मी म्हणाले.

शिंप्यानं वही काखेत मारली. टेबलावरच्या कागदाला बोट लावून विचारलं, "हा नेऊ?"

"न्या की. पण त्याच्यावर काही नाहीये."

"रेघ आहे," तो म्हणाला. त्यानं कागदाची घडी केली नाही. तसाच, दोन बोटांत धरून घेतला.

बाहेर आलो. पायऱ्यांच्या तोंडाशी मुंगी थांबली. बापाच्या एका हातात वही आणि दुसऱ्यात कागद होता, म्हणून तिनं सवयीनं आपला हात माझ्याकडे केला. मी पुढे झालेच होते.

"बाईंचा नको," शिंपी म्हणाला. रागानं नाही म्हणाला. त्यानं वही खाली पायरीवर ठेवली, कागद वहीवर ठेवला आणि मोकळा झालेला हात तिच्यापुढे धरला. "माझा धर. घट्ट धर."

तिला ते जमेना. बोटं त्याच्या तळव्यात नुसतीच पडून राहिली. "धर," तो पुन्हा म्हणाला, आणि आपली बोटं न मिटता हात तसाच उघडा ठेवून तो पायरीवर उभा राहिला. मागून माणसं येत होती, आमच्या बाजूनं वळसा घालून उतरत होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तिची बोटं एकेक करून त्याच्या अंगठ्याभोवती मिटेपर्यंत आम्ही तिघंही तिथून हललो नाही.